मध्यम गति आणि स्पष्ट गति

शाळेंत शिकलेलें बहुतेक गणित संसारांत पडल्यावर मनुष्य विसरून जातो. परंतु काळ, काम आणि वेग यांचीं उदाहरणें सहसा त्याच्या स्मरणांतून जात नाहींत. मुंबईहून एक आगगाडी ताशीं ३० मैल वेगानें पुण्याकडे निघते. त्याच क्षणीं पुण्याहून दुसरी गाडी ताशीं २० मैल वेगानें मुंबईकडे निघते. दोन्ही गांवांमधील अंतर १२० मैल धरल्यास त्या केव्हां व कोठें भेटतील? दोन्ही वेगांची बेरीज करावी, १२० ला ५० नीं भागावें, म्हणजे २ तास २४ मिनिटें हा काळ येतो, आणि भेटीचें ठिकाण मुंबईपासून ७२ मैलांवर पडतें. महाराष्ट्रांतील मुलांच्या कित्येक पिढ्यांनीं अशा जातीचीं उदाहरणें पाटीवर सोडविलीं, आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतील मुलेंहि होतीं.

या मुलांपैकीं पुष्कळांनीं आगगाडी पाहिलेलीच नव्हती. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली उतारूंची गाडी गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजीं. रत्नागिरीस गाडी पोहोंचण्यास त्यानंतर जवळजवळ दीडशें वर्षें लागलीं. असें असूनहि ज्या जिल्ह्यांत रूळ नव्हते, चांगल्या सडका थोड्या होत्या आणि पावसाळ्यांत समुद्राचा मार्गहि बंद पडे, त्याच जिल्ह्यानें गेल्या दोन शतकांत महाराष्ट्राला गणिताचे व ज्योतिषाचे मोठे शिक्षक दिले. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर, खुद्द रत्नागिरींत जन्मलेले लोकमान्य टिळक, मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित व धोंडो केशव कर्वे, गुहागरजवळील कोतळूक येथें जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले, आणि मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, हीं नांवें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. (पोंभुर्लें १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मोडतें.) एकाच जिल्ह्यांत इतकीं माणसें कां निपजलीं, हा प्रश्न बाजूस ठेवून आम्ही येथें त्याहून लहान असा एक प्रश्न घेतों. उदाहरणांत "ताशीं ३० मैल" असें जें लिहिलेलें असतें, तो वेग कोणाचा? आणि ज्या मुलखांत असा एकसारखा वेग कशालाहि नव्हता, तेथल्या लोकांस त्या उदाहरणांचा काय उपयोग झाला?

पहिली गोष्ट अशी कीं, हें उदाहरण आगगाडीबरोबर विलायतेहून आलेलें नाहीं. रुळांचा शोध लागण्यापूर्वीं कित्येक शतकें तें आपल्याकडे आकाशांत मांडलेलें होतें. आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारास रचिलेल्या ग्रंथाच्या गणितपादांत याचाच नियम दिला आहे. दोन ग्रह परस्परांच्या उलट दिशेनें जात असतील तर त्यांच्यामधील अंतराला गतींच्या बेरजेनें भागावें, एकाच दिशेनें जात असतील तर गतींच्या वजाबाकीनें भागावें, म्हणजे त्यांच्या योगाचा काळ येतो. समोरासमोर येणाऱ्या आणि एकीमागून एक धांवणाऱ्या आगगाड्यांचे दोन्ही प्रकार यांत आले. अमावास्येपासून अमावास्येपर्यंतचा काळ हें याचें सर्वांत घरगुती उदाहरण होय. चंद्र दिवसाला ७९० कला ३५ विकला चालतो आणि सूर्य ५९ कला ८ विकला. म्हणजे चंद्र रोज ७३१ कला २७ विकला पुढें जातो. वर्तुळाच्या २१,६०० कलांना या फरकानें भागिलें कीं २९.५३ दिवस येतात. जलद गाडी मंद गाडीस पुनः केव्हां गांठील, हाच तो प्रश्न.

परंतु हें उत्तर काढून आपले ज्योतिषी थांबले नाहींत. चंद्राची दिलेली गति ही त्याची "मध्यम" गति आहे, हें ते जाणून होते. आकाशांत पाहिलें तर चंद्र कांहीं दिवशीं १२ अंशांहून कमी चालतो, तर कांहीं दिवशीं १५ अंशांपर्यंत जातो. त्या त्या दिवसाची जी खरी गति तिला त्यांनीं "स्पष्ट" गति म्हटलें, आणि मध्यमावरून स्पष्टाकडे कसें जावें याच्या रीति बसविल्या. भास्कराचार्यांनीं तर सिद्धांतशिरोमणींत एका दिवसाची गति आणि त्या क्षणाची "तात्कालिक" गति यांतहि भेद केला. घरोघरच्या पंचांगांत एखादी तिथि क्षय पावते आणि एखादी दोन दिवस राहते, तें याच भेदामुळें. सर्व तिथि मध्यम गतीनें मोजल्या असत्या तर प्रत्येक तिथि साडेतेवीस तासांहून थोडी अधिक, अशी ठराविक झाली असती. स्पष्ट गतीनें ती कधीं सुमारें २० तासांची तर कधीं २६ तासांहून मोठी होते. मध्यम आणि स्पष्ट या दोन शब्दांतच आमच्या प्रश्नाचें उत्तर दडलेलें आहे. म्हणून वाचकांनीं ते ध्यानांत ठेवावे.

हें ज्ञान कोंकणच्या किनाऱ्यास परकें नव्हतें. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेस, जंजिऱ्याजवळील नांदगांवीं राहणाऱ्या गणेश दैवज्ञांनीं शके १४४२ मध्यें, म्हणजे इ. स. १५२० सालीं, ग्रहलाघव रचिलें. ज्या-चापांच्या कटकटींत न शिरतां ग्रहांचीं स्पष्ट स्थानें काढतां येतील अशी सोपी रीति त्यांत असल्यामुळें महाराष्ट्रांतील पंचांगें पुढें कित्येक पिढ्या त्याच ग्रंथावरून होत असत. याच गणेशांनीं भास्कराचार्यांच्या लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली.

लीलावती १०७२ व्या शकांतली, म्हणजे इ. स. ११५० ची. तींत आकाशांतली गति जमिनीवर उतरली आहे. नऊ हात उंचीच्या खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशीं सापाचें बीळ आहे. खांबाच्या तिप्पट अंतरावरून, म्हणजे २७ हातांवरून, साप बिळाकडे येतो आणि मोर त्याजवर तिरपी झेप घालतो. दोघांची गति सारखी. तर बिळापासून किती हातांवर गांठ पडेल? उत्तर १२ हात. मौज अशी कीं, त्या गतीचा आंकडा उदाहरणांत कोठेंच दिलेला नाहीं. दोघांची गति सारखी आहे एवढें कळलें कीं काम भागतें. दुसरें उदाहरण एका राजाचें. तो शत्रूच्या नगरावर चालून जातांना पहिल्या दिवशीं २ योजनें चालतो, पुढें रोज ठराविक प्रमाणानें चाल वाढवितो, आणि ८० योजनें सात दिवसांत तोडतो. तर रोजची वाढ किती? उत्तर २२ सप्तमांश योजन. येथें गति एकसारखी नाहीं, पण तिची वाढ एकसारखी आहे. म्हणजे प्रत्येक उदाहरणांत कांहीं तरी एक गोष्ट स्थिर धरलेली असते. कधीं गति, कधीं गतीची वाढ, कधीं नुसती दोघांची बरोबरी. ती गोष्ट कोणती हें ओळखणें म्हणजे अर्धें उदाहरण सोडविणें.

इंग्रजी अंमलाच्या आरंभीं पंतोजींच्या शाळेंत मुलें जें गणित शिकत, त्यांत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे आणि त्रैराशिक यांवर भर असे. व्यापाराला व जमाबंदीला तेवढें पुरे. पुढें मुंबईस शाळा व शाळापुस्तकें यांसाठीं मंडळी स्थापन झाली. तिच्या वतीनें जॉर्ज जर्व्हिस या इंजिनियर अधिकाऱ्यानें पंडितांच्या साहाय्यानें हटन यांच्या इंग्रजी गणितावरून मराठी पुस्तकें करविलीं. दर्पण पत्र १८३२ सालीं काढणारे जांभेकर एल्फिन्स्टन संस्थेंत गणित शिकवीत. त्यांनीं शून्यलब्धीवर, म्हणजे बदलत्या राशींच्या गणितावर, मराठींत पुस्तक लिहिलें. आगगाडी सुरू झाल्यावर वेगाच्या उदाहरणांना नवें वाहन मिळालें, आणि जुन्या उदाहरणांतील वाटसरू, मोर व राजे मागें पडले. रुळांवरून जाणारी, वेळापत्रकानें बांधलेली गाडी "एकसारखा वेग" या कल्पनेला इतकी जुळली कीं, ही एक कल्पना आहे याचाच विसर पडूं लागला.

रत्नागिरीच्या मुलाला मात्र तसा विसर पडण्याची सोय नव्हती. त्याच्या पुस्तकांत नदीच्या प्रवाहाचीं उदाहरणें असत. होडीचा वेग संथ पाण्यांत ताशीं ४ मैल, प्रवाहाचा २ मैल; २४ मैल जाण्यास प्रवाहाविरुद्ध १२ तास आणि प्रवाहाबरोबर ४ तास. आतां हेंच उदाहरण दाभोळपासून चिपळुणाकडे आंत शिरणाऱ्या वाशिष्ठीच्या खाडींत नेऊन पाहावें. खाडीचा प्रवाह एका दिशेनें वाहत नाहीं. सुमारें सहा तास भरतीचें पाणी आंत येतें आणि सुमारें सहा तास ओहोटीचें बाहेर जातें. भरती लागतांच होडी सोडली तर वर जाण्यासहि चारच तास लागतील. तीच होडी चार तास उशिरां निघाली तर पहिल्या दोन तासांत १२ मैल जाईल, नंतर ओहोटी लागेल, आणि उरलेले १२ मैल ताशीं दोन मैलांनीं काटण्यास आणखी सहा तास जातील. होडी तीच, वल्हीं तींच, अंतर तेंच. परंतु चार तासांचे आठ तास झाले. येथें प्रश्न "किती वेगानें जाल" असा नसून "केव्हां निघाल" असा आहे.

आणि केव्हां निघावें हें कोंकणांतील माणसें तोंडी हिशेबानें काढीत. तिथीची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ मिळते, असा आडाखा किनाऱ्यावर सर्वश्रुत आहे. चतुर्थीस सुमारें तीन वाजतां, अष्टमीस सुमारें सहा वाजतां. पाउणकीच्या पाढ्याला इतका उपयोगी धंदा दुसरा क्वचितच मिळेल. या आडाख्याचीहि परीक्षा घेतां येते. पंधरा तिथींत भरतीची वेळ सरासरीनें बारा तास पुढें सरकते. म्हणजे एका तिथीमागें ४८ मिनिटें. पाउणकीनें ४५ येतात. प्रत्येक तिथीस तीन मिनिटांची तूट, आणि पंधरा दिवसांत पाऊण तासाची. होडीच्या कामास एवढी तूट चालते. आणि अमावास्या-पौर्णिमेस आडाखा पुनः नव्यानें सुरू होत असल्यामुळें ती सांचत जात नाहीं. पण ४८ मिनिटें हा आंकडाहि मध्यमच. तिथि लहानमोठी होते, वारा पाणी अडवून धरतो किंवा पुढें लोटतो, खाडीच्या तोंडाशीं आणि वरच्या अंगास भरती एकाच वेळीं होत नाहीं. म्हणून जाणता तांडेल आडाखा मनांत धरतो आणि डोळा पाण्यावर ठेवतो.

वर्षांतून एकदां हा हिशेब साफच बंद पडे. मुंबई रत्नागिरीपासून समुद्रानें सुमारें १३५ मैल. आगबोटी सुरू झाल्यावर हें अंतर एका दिवसाच्या आंत आलें. परंतु ज्येष्ठांत पाऊस लागला कीं आगबोटी थांबत, आणि त्या पुनः सुरू होईपर्यंत मुंबई जणूं दुसऱ्या देशांत जाई. अंतर तेंच, पण त्याला भागावयाचा वेग शून्य. आणि शून्यानें भागावयाचें नाहीं हें मुलांना पहिल्यापासून शिकविलेलें असतें. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनीं १८८६ सालीं रत्नागिरीस आणून ठेविलें, आणि १९१६ सालीं तो तेथेंच मरण पावला. मुंबईपासून दीडशें मैलांच्या आंत असलेलें गांव राजबंद्याला ठेवण्याइतकें दूर वाटावें, याचें कारण नकाशांतील अंतरांत सांपडत नाहीं. तें काळांत शोधावें लागतें.

काळाचें हें अंतर एका मुलानें पायांनीं कसें मोजलें, ती हकीकत कर्व्यांनीं आपल्या आत्मचरित्रांत सांगितली आहे. त्या वेळीं प्राथमिक शिक्षकाची नोकरी मिळण्यास सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा द्यावी लागे, आणि उमेदवाराला सतरा वर्षें पुरीं झालेलीं असावीं असा नियम होता. कर्वे १८ एप्रिल १८५८ चे. म्हणून १८७५ सालीं ते पात्र झाले. दिवस पावसाळ्याचे असल्यामुळें समुद्रमार्गाचा भरंवसा नव्हता. तेव्हां हा मुलगा सोबत्यांसह पायीं साताऱ्यास निघाला. मुरूड ते सातारा सुमारें ११० मैल. पुस्तकी उदाहरण करावयाचें तर दररोज २५ मैल चालल्यास चार दिवसांत १०० मैल होतात आणि पांचव्या दिवशीं दहा उरतात. पण या भागाकारांत सह्याद्रीचा चढ नाहीं, पाऊस नाहीं, तुडुंब भरलेले ओढे नाहींत. हें सर्व पार करून तीं मुलें वेळेवर साताऱ्यास पोहोंचलीं. म्हणजे काळ, अंतर व वेग यांचें उदाहरण कर्व्यांनीं पुरतेपणीं सोडविलें. आणि मग परीक्षकमंडळाच्या प्रमुखानें त्यांच्याकडे पाहून, हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाहीं, असें म्हणून त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं. चालणें संपलें होतें, अंतर कापलें होतें; एक वर्ष मात्र फुकट गेलें. पुढें हेच कर्वे १८९१ सालीं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवूं लागले, आणि ज्यांना शाळेची वाट मोकळी नव्हती अशा स्त्रियांसाठीं त्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें. या दोन गोष्टींचा संबंध आम्ही ओढूनताणून जोडीत नाहीं. दिलेल्या आंकड्यांच्या बाहेर कांहीं तरी राहून जातें आणि त्याची किंमत कोणाला तरी भरावी लागते, हें त्या मुलास सतराव्या वर्षीं कळलें, इतकेंच म्हणतों.

कोणी म्हणेल कीं, मग हीं उदाहरणें निरुपयोगीच ठरलीं. तसें नाहीं. घाटाचें एक साधें उदाहरण घेऊं. चिपळुणाहून कऱ्हाडाकडे जाणाऱ्या कुंभार्लीसारख्या घाटांत एक मनुष्य आठ मैलांची चढण ताशीं दोन मैलांनीं चढला आणि त्याच वाटेनें ताशीं चार मैलांनीं उतरला. त्याची सरासरी काय? शंभरांतले नव्वद जण तीन सांगतील. वस्तुतः चढण्यास चार तास लागले, उतरण्यास दोन. सोळा मैलांस सहा तास, म्हणजे ताशीं २ पूर्णांक २ तृतीयांश मैल. चुकी भागाकाराची नसते. दोन वेगांस आपण समान वजन देतों. परंतु मनुष्य कष्टाच्या वाटेवर अधिक वेळ घालवितो, आणि म्हणून तिचें वजन अधिक पडतें. हें ज्याला एकदां समजलें तो सरासरीचा आंकडा समोर आला कीं आधीं विचारतो: ही सरासरी कशावर काढली? मैलांवर कीं तासांवर?

असें विचारण्याची संवय शाळेच्या बाहेर कोठवर जाते, याचा पुरावा गोखल्यांच्या चरित्रांत सांपडतो. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलांत शिकवीत असतां त्यांनीं अंकगणिताचें एक पुस्तक सिद्ध केलें. पुढें मॅकमिलन कंपनीनें तें प्रसिद्ध केलें, अनेक देशी भाषांत त्याचीं भाषांतरें झालीं, आणि त्या पुस्तकाच्या उत्पन्नाचा गोखल्यांस जन्मभर आधार झाला. १९०२ सालीं हे अंकगणितकार कलकत्त्यास बादशाही कायदेमंडळांत अंदाजपत्रकावर बोलावयास उभे राहिले. सरकारच्या तिजोरींत वर्षानुवर्षें शिल्लक पडत होती, आणि देशाच्या भरभराटीचें तें लक्षण होय असें सरकारपक्षाकडून सांगण्यांत येत होतें. गोखल्यांनीं बेरीज-वजाबाकीस हरकत घेतली नाहीं. कोणती गोष्ट स्थिर धरली आहे, तें त्यांनीं दाखविलें. रुपया घसरत असतां तूट भरून काढण्यासाठीं कर वाढविले. पुढें रुपया सुमारें १३ पेन्सांवरून १६ पेन्सांवर आला, तरी कर होते तसेच राहिले. शिल्लक आली ती त्यामुळें. लोकांच्या घरांत भर पडल्यामुळें नव्हे. मध्यम गतीच्या आंकड्यामागें लपलेली स्पष्ट गति उघडी करून दाखविण्याचाच हा प्रकार होता; आणि पुढच्याच वर्षीं मिठावरील कर कमी झाला.

त्याच जिल्ह्यांतील दुसऱ्या दोघांनीं हेंच उदाहरण पुनः आकाशांत नेलें, आणि तेथें त्याची दुसरी बाजू दिसून आली. संपातबिंदु नक्षत्रचक्रांत दरसाल सुमारें ५० विकला मागें सरकतो; म्हणजे एक अंश मागें जाण्यास ७२ वर्षें, आणि १३ अंश २० कलांचें एक नक्षत्र ओलांडण्यास सुमारें ९६० वर्षें. जुन्या ग्रंथांत संपात अमुक नक्षत्रीं होता असें कळलें, तर अंतराला वेगानें भागून ग्रंथाचा काळ काढतां येईल. टिळकांनीं १८९३ सालच्या ओरायन ग्रंथांत मृगशीर्षावरून असा हिशेब मांडून ऋग्वेदांतील कांहीं सूक्तें इ. स. पूर्वीं ४००० च्या सुमारास नेलीं. दीक्षितांनीं शतपथ ब्राह्मणांत कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहींत असें जें म्हटलें आहे त्यावरून इ. स. पूर्वीं ३००० च्या सुमाराचा काळ काढला, आणि १८९६ सालीं आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासांत तो विस्तारानें मांडला.

येथें वेगाविषयीं शंका घेण्यास जागा थोडी. संपाताची चाल या कामापुरती एकसारखीच आहे. भागाकारहि बिनचूक. तरीसुद्धां बहुतेक आधुनिक पंडित ऋग्वेदाचा काळ इतका मागें नेत नाहींत. भाषेच्या पुराव्यावरून ते तो इ. स. पूर्वीं १५०० ते १००० च्या आसपास धरतात. मतभेद आहे तो अंतराविषयीं. मंत्रांतील त्या शब्दांचा अर्थ खरोखर संपात असाच आहे काय? तें वचन लिहिणाऱ्याच्या वेळचें वेधाचें आहे, कीं पूर्वजांकडून चालत आलेलें? खाडींतील होडीचें अंतर ठाऊक होतें, वेग बदलता होता. येथें वेग ठाऊक आहे, अंतर वादांत आहे. दोहोंचा धडा एकच. सूत्र कधीं खोटें बोलत नाहीं. पण आपण त्याच्या तोंडीं जें घालूं तेवढेंच तें बोलतें.

सरतेशेवटीं रत्नागिरीस रूळ आले. कोंकण रेल्वेचा रोह्यापासून मंगळुराजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारें ७४० किलोमीटरांचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजीं खुला झाला. रत्नागिरीजवळ करबुडे येथें साडेसहा किलोमीटरांचा बोगदा आहे. पानवलजवळ ६४ मीटर उंचीचा पूल आहे. आतां पुस्तकांतील गाडी मुलांच्या दारावरून जाऊं लागली, आणि एकसारख्या वेगाचें उदाहरण कोंकणांतहि खरें झालें, असें वाटण्याजोगी वेळ आली. परंतु २००३ सालच्या जून महिन्यांत, वैभववाडीजवळ डोंगराची दरड रुळांवर कोसळून गाडी घसरली आणि पन्नासाहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. सह्याद्री आणि पाऊस यांनीं जुनें सत्य फार कठोरपणें पुनः सांगितलें.

आज कोंकण रेल्वेचीं वेळापत्रकें दोन असतात: एक एरवींचें आणि एक पावसाळ्याचें. पावसाळी वेळापत्रकांत गाड्यांचा वेग कमी धरलेला असतो. आणि मुसळधार पावसानें समोरचें नीट दिसेनासें झालें तर ताशीं ४० किलोमीटरांहून अधिक वेगानें गाडी नेऊं नये असा चालकांस हुकूम असतो. स्टेशन तेंच, अंतर तेंच, गाडीहि तीच. पण जूनमध्यें मुंबईस पोहोंचण्यास अधिक काळ लागणार, हें आधींच छापून सांगितलेलें असतें. आमच्या मतें हें वेळापत्रक म्हणजे पंचांगाचाच वंशज होय. मध्यम गतीवर विसंबून न राहतां त्या त्या ऋतूची स्पष्ट गति त्यांत मांडलेली आहे, आणि ती मांडण्यास लागलेली किंमतहि कोंकणानें मोजलेली आहे.

मुलांना काळ, काम व वेग यांचीं उदाहरणें शिकवूं नयेत असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. तीं अवश्य शिकवावीं, आणि पाढे पाठ असतील तर फारच उत्तम. मात्र उत्तर बरोबर आल्यावर पाटी लगेच पुसूं देऊं नये. या उदाहरणांत काय स्थिर धरलें होतें, आणि तें स्थिर नसतें तर काय झालें असतें, एवढे दोन प्रश्न शिक्षकानें आणखी विचारावे. मध्यम गति काढतां येणें ही विद्येची पहिली पायरी आहे. तिच्याखेरीज पुढें जातां येत नाहीं. पण तिच्यावरच थांबलेला मनुष्य भरती सरल्यावर होडी सोडतो, आणि मग वल्ह्यांस दोष देतो.